काटा कसा पडला? चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचं दुखणं शोधताना

मे महिन्यातली दुपार होती. बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. शेजारी आई, मागच्या सीटवर दोन भाचे. मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलो, गाडीनं जरा मोकळा वेग घेतला आणि इंजिन गेलं. झटका नाही, खडखड नाही, धूर नाही. एसीचा पंखा फिरत होता, गाणं चालू होतं, फक्त इंजिनाचा आवाज नाहीसा झाला. मागून एक कंटेनर हॉर्न वाजवत आला. स्टिअरिंग इतकं जड झालं, की दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी डाव्या कडेला घेतली. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरायचं, धरायचं नाही. ऊन असं, की आधी आईला लिंबाच्या सावलीत बसवून आलो. वीस-पंचवीस मिनिटांनी सहज किल्ली फिरवली, तर पहिल्याच झटक्यात गाडी चालू.

पुढच्या दीड महिन्यात हेच तीनदा झालं. एका गॅरेजात प्लग बदलले, दुसऱ्या खेपेला फिल्टर बदलून थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ केली, तिसऱ्या खेपेला टाकीतला पंप नवा बसवला. तेरा हजारांच्या वर पैसे गेले. प्रत्येक वेळी गाडी ताब्यात देताना ती नीट चालायची, कारण तेव्हा ती गार असायची. शेवटी बीडमधल्याच एका वयस्कर मिस्तरींकडं गेलो. बोनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "भाऊ, बंद पडली तवा मीटरमधला काटा कसा पडला? धाडकन, का गाडीसंगं हळूहळू?"

मला स्पष्ट आठवत होतं. धाडकन. गाडी साठच्या वेगात होती आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा शून्यावर टेकला होता.

"मग पेट्रोलचा काही संबंध नाही," ते म्हणाले.

तो एक प्रश्न मला आधी कुणी विचारला असता, तर माझे बरेच पैसे वाचले असते आणि आईला तीन वेळा भर उन्हात रस्त्याकडेला बसावं लागलं नसतं. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. गाडी बंद पडली एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. ती कधी पडली, कशी पडली आणि परत कशी चालू झाली, या तीन गोष्टींत अर्धं निदान असतं, आणि त्या गोष्टी गॅरेजवाल्याला दिसत नाहीत. त्या फक्त गाडी चालवणाऱ्याला दिसतात.

विहिरीवरच्या मोटारीसारखं बघा

आपल्याकडं शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. विहिरीवरची मोटार पाणी फेकायची थांबली, तर तो लगेच मोटार उपसून काढत नाही. आधी पेटीकडं जातो. लाइट आहे का? तिन्ही फेज आहेत का? मोटार घुमते पण पाणी येत नाही, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, फुटव्हॉल, गळतोय, पाइपानं हवा धरली. पाणी गुळण्या टाकल्यासारखं थांबून थांबून येतंय, म्हणजे विहीर उतरली. मोटार एका क्षणात गप्प झाली, तर दोष वरच्या वायरीत शोधायचा. थांबण्याच्या तऱ्हेवरून कारण ओळखायचं, हीच रीत गाडीलाही लागू पडते.

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी, आणि या तिघांची अचूक वेळ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगी पिस्टन नेमक्या जागी असतानाच. हा हिशोब ईसीएम नावाची संगणकाची पेटी करते. तिला स्वतःला इंजिन दिसत नाही. सेन्सर सांगतील तेच तिला खरं. एखाद्या सेन्सरनं बोलणं बंद केलं, तर टाकी भरलेली, बॅटरी ठणठणीत आणि इंजिन निरोगी असूनही गाडी जागेवर थांबते.

आता काट्याचं बघू. गिअरच्या गाडीत क्लच सोडलेला असेल आणि इंजिनात जाळ होणं थांबलं, तरी इंजिन लगेच थांबत नाही. गाडीच्या वेगामुळं आता चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. म्हणजे खरे फेरे शून्य झालेले नसतात. तरीही काटा क्षणात शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय ही बातमीच संगणकापर्यंत पोचलेली नाही. दोष बातमी देणाऱ्यात किंवा तिच्या वायरीत. उलट काटा गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, तर बातमी पोचतेय पण पेट्रोल किंवा ठिणगी मिळत नाही. आणि सगळं मीटरच काळं झालं, दिवे गेले, गाणं बंद, तर प्रश्न करंटचा: बॅटरीचा टर्मिनल, अर्थिंगची वायर, मोठा फ्यूज किंवा किल्लीचा स्विच. ऑटोमॅटिक गाडीत चाकं आणि इंजिन यांचा सांधा वेगळा असतो, त्यामुळं तिथं काट्याची ही परीक्षा तितकी भरवशाची नाही. पण मीटर काळं होतं की जिवंत राहतं, हे तिथंही पाहता येतं.

शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. बंद पडण्याच्या त्या दोन सेकंदांचा व्हिडिओ हाती लागला, तर मिस्तरीचा अर्धा दिवस वाचतो.

कारणाआधी जीव

हे निदानाच्या मधे सांगतोय, कारण बंद पडणाऱ्या गाडीतला खरा धोका दुरुस्तीच्या खर्चात नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा बूस्टर थांबतो. त्यात साठलेल्या ओढीवर एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल लाकडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. एकदाच, सलग आणि जोर लावून दाबा. कडक झालेला ब्रेकही लागतो, पायाला जास्त ताकद लागते एवढंच. स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. घाबरून किल्ली पूर्ण मागं फिरवून काढू मात्र नका. स्टिअरिंग लॉक होईल आणि गाडी वळणारच नाही. चारी इंडिकेटर लावा, क्लच दाबून न्यूट्रल करा, उरलेल्या वेगात डाव्या कडेला या. वेग असताना न्यूट्रलमध्ये एकदा सेल्फ मारून पाहायला हरकत नाही.

कडेला आल्यावर माणसं गाडीत बसवून ठेवू नका. धुळे-सोलापूर हमरस्ता असो की समृद्धी, कडेला उभ्या गाडीवर मागून येऊन आदळणं हा तिथला मोठा धोका आहे. कठड्याच्या पलीकडं उभे राहा, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागं ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठंही ११२ हे नंबर चालतात.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर सेल्फ मारूच नका. तो आजार वेगळा. तिथं एकदा जास्त मारलेल्या सेल्फनं इंजिन कामातून जातं.

धाडकन बंद पडणाऱ्या गाड्या

माझ्या गाडीचं दुखणं क्रँक सेन्सरचं होतं. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला, एक दातेरी चाक असतं, पुष्कळ गाड्यांत ५८ दात आणि दोन दातांची मोकळी जागा. समोर बोटभर लांबीचा सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक दात समोरून गेला की तो एक इशारा पाठवतो, आणि मोकळी जागा आली की संगणकाला कळतं, की फेरा इथून सुरू झाला. हा इशारा थांबला की संगणक समजतो इंजिन थांबलं, आणि पेट्रोल व ठिणगी दोन्ही तोडतो. टाकीत पंप चालू राहून आग लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे. गाडी चुकीचं काही करत नसते, तिला मिळालेली बातमी चुकीची असते.

या सेन्सरच्या आत बारीक तारेचं वेटोळं किंवा छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. जुनं झालं की गार असताना ते काम करतं आणि तापल्यावर आतला सांधा सुटतो. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात. घाट चढून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. गाडी थांबवल्यावर तर रेडिएटरमधलं पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची उष्णता आजूबाजूच्या भागांत आणखी शिरते. म्हणून ती लगेच चालू होत नाही, वीस मिनिटं ते अर्धा तास घेते. तापल्यावर बंद, गार झाल्यावर चालू, काटा धाडकन शून्य: ही खूण सापडली, तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

मिस्तरींनी माझ्यासमोर खात्री करून घेतली. गाडी जागेवर चालू ठेवली आणि घरातून आणलेल्या केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा त्या सेन्सरवर धरली. पाच-सात मिनिटांत इंजिन बंद. सेल्फ मारला, इंजिन फिरत होतं पण स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, आरपीएम शून्य. मग ओलं फडकं सेन्सरवर दाबलं, दोन मिनिटांनी गाडी चालू. दोनदा करून दाखवलं. त्यानंतरच नवा सेन्सर मागवला. माझ्या गाडीचा बाराशेला आला. भाग बदलण्याआधी दोष पुन्हा उभा करून दाखवणारा माणूस भेटला, की त्याला सोडू नये.

हीच परीक्षा ड्रायरशिवायही होते. गाडी बंद पडून धरत नसताना सेल्फ मारा आणि काट्याकडं बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर काटा थोडा उचलतो, दोनशे-तीनशेच्या आसपास. इंजिन फिरतंय आणि काटा जागचा हलत नाही, तर संशय पक्का होत जातो. काही मीटर मुळातच सेल्फवर काटा दाखवत नाहीत, म्हणून गाडी चांगली असताना एकदा बघून ठेवा.

धाडकन बंद पडण्याची बाकीची कारणं वायरींतली आहेत. बॅटरीचा टर्मिनल ढिला किंवा हिरवा-पांढरा गंज चढलेला. इंजिनाची अर्थिंगची पट्टी सुटलेली. पंपाचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा डबीसारखा स्विच, जळकट झालेला. रिलेची परीक्षा सोपी: फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुतेक हॉर्नचा. दोन्हींची अदलाबदल करून आठवडाभर गाडी चालवून बघा. दोष हॉर्नकडं गेला, तर चोर सापडला. खड्ड्यात आदळल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर ती जागेवर चालू ठेवून वायरींचे गुच्छ एकेक करून हलवा. जिथं हलवल्यावर इंजिन अडखळेल तिथं दोष.

उंदरांचं वेगळं सांगायला हवं. शेतातल्या घरी, कडब्याच्या गंजीजवळ गाडी रात्रभर उभी राहिली, की उबेसाठी ते इंजिनावर येतात आणि वायरी कुरतडतात. पूर्ण तुटलेली वायर लगेच सापडते. अर्धी कुरतडलेली वायर धक्का बसला की सुटते, परत जोडली जाते, आणि महिनोन् महिने हुलकावणी देते. गाडी गावाकडं उभी राहत असेल, तर मिस्तरीला हे आधीच सांगा.

आणि किल्ली. आपल्याकडं गाडीच्या किल्लीला घराची, दुकानाची, कपाटाची, गेटची, सगळ्या किल्ल्या लटकवायची सवय आहे. त्या ओझ्यानं स्विचच्या आतले सांधे झिजतात. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सला किल्लीच्या स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जड जुडग्यानं किंवा धक्क्यानं किल्ली चालू स्थितीतून मागं सरकायची, इंजिन बंद व्हायचं, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी व्हायच्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीनं त्यात १२४ मृत्यू मान्य केले. गाडीची किल्ली एकटी ठेवा.

सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडणारी गाडी आणि मीटरवर किल्लीचं चित्र लुकलुकतंय, तर इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, किल्लीतली चिप ओळखता येत नाही. दुसरी किल्ली लावून बघा, बहुतेक वेळा उलगडा तिथंच होतो. आणि नवीन गाडी फक्त सिग्नलला बंद पडून क्लच दाबला की आपोआप चालू होत असेल, तर तो दोषच नाही. पेट्रोल वाचवायची ती सोय आहे, बटणानं बंद करता येते.

हळूहळू मान टाकणाऱ्या गाड्या

ही मंडळी सांगून जातात. आधी पिकअप कमी होतो, चढाला झटके येतात, मिसिंग होते, अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी मागं ओढल्यासारखी वाटते, आणि मग इंजिन मान टाकतं. हा पेट्रोलचा उपास.

पेट्रोल गाडीचा पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि आजूबाजूचं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. सतत रिझर्व्हवर गाडी चालवली, की पंप उघडा पडतो आणि तापतो. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून चालवायची सवय पंपाला अशी महागात पडते. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा पंप साधारण ३ ते ४ बार दाब देतो. किल्ली चालू केली, सेल्फ मारला नाही, की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. गाडी बंद पडल्यावर हा आवाज येत नसेल, तर पंप, त्याचा रिले किंवा वायर यांपैकी एक. आवाज येत असेल तरी पंप निर्दोष ठरत नाही. म्हातारा पंप घुमतो पण दाब धरत नाही. त्यासाठी दाबाचं गेज लावून गाडी रस्त्यावर चालवून बघणारा मिस्तरी हवा. पंप बदलण्याआधी "गेजवर दाब किती आला?" हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. माझा पंप कुणी मोजलाच नव्हता.

पंपाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघून घ्या. कंपन्या सदोष भागांसाठी गाड्या परत बोलावतात आणि तो भाग फुकट बदलून देतात. मारुती सुझुकीनं जुलै २०२० मध्ये वॅगन आर आणि बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या पंपाच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. होंडानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या पंपासाठीच. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ही सूचना पोचेलच असं नाही, ती पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ शकते. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की आपली गाडी त्यात आहे का ते कळतं. खिशातून पैसे देण्याआधी पाच मिनिटं यासाठी द्या.

टाकीच्या झाकणाची गंमत पुष्कळांना माहीत नसते. पेट्रोल जसं संपत जातं, तशी टाकीत हवा शिरावी लागते. जुन्या गाड्यांत ती झाकणातल्या छोट्या भोकातून शिरते. आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं ते बुजलं, की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर गाडी बंद पडते, झाकण उघडल्यावर जोरात फुस्स होतं आणि गाडी लगेच चालू होते. ही खूण दिसली, तर झाकण किंवा हवेची नळी साफ करा, पंपाला हात लावू नका.

पेट्रोल भरून पेट्रोलपंपाबाहेर पडलं की गाडी लगेच बंद पडते, एरवी नाही? तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो. वाफेचा लोट एकदम इंजिनात जातो आणि त्याला ठसका लागतो. लोक पेट्रोलपंपावर भेसळीचा आळ घेतात. भेसळ असेल तर दोष दोन-चारशे मीटरनंतर सुरू होऊन टाकी संपेपर्यंत राहतो. या व्हॉल्व्हचा दोष दहा मिनिटांत निवळतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. जुन्या गाडीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथेनॉल टाकीतला जुना साका सुटा करतं, तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आणि इथेनॉल पाणी ओढतं; मर्यादेबाहेर पाणी झालं, की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, जिथं पंपाचं तोंड असतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवलेली जुनी गाडी दसऱ्याला बाहेर काढली आणि दहा किलोमीटरवर आचके द्यायला लागली, तर पहिल्यांदा टाकीचा तळ बघावा.

उन्हाळ्यात गाडी बंद पडली की जुनी माणसं अजून "पेट्रोलची वाफ झाली" म्हणतात. कार्बोरेटरच्या काळात, फियाट-अँबॅसडरच्या दिवसांत, ते खरं होतं. इंजिनावरच्या पंपाला ओलं फडकं बांधून लोक पुढं जायचे. टाकीत पंप आणि नळीत तीन-चार बार दाब असलेल्या आजच्या गाडीत असं क्वचितच होतं. त्या समजुतीपायी बिघडलेला सेन्सर महिनोन् महिने लपून राहतो.

प्लगबद्दल माझं मत ठाम आहे. एक प्लग किंवा त्याला करंट देणारी एक कॉइल गेली, तर इंजिन तीन पायांवर लंगडत चालतं, थरथरतं, पण धाडकन गप्प होत नाही. न थरथरता बंद पडणाऱ्या गाडीचे प्लग बदलणं म्हणजे सुरुवातच चुकीच्या टोकाकडून.

स्लोला बंद पडणाऱ्या गाड्या

स्लो म्हणजे अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या कमी फेऱ्यांवर फिरत राहतं ते. हमरस्त्यावर काही तक्रार नाही, पण गतिरोधकाला, सिग्नलला, पाय काढला की गाडी बंद. इथं बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत काजळी बसलेली असते. पाय काढल्यावर जी बारीक फट हवेसाठी राहते ती बुजते. एसी लावल्यावर जास्त होत असेल तर हेच, कारण इंजिनावर ओझं वाढतं. साफ केल्यावर पुष्कळ गाड्यांत स्कॅनर लावून स्लो पुन्हा बसवावा लागतो. ते न केल्यानं साफसफाईनंतर गाडी उलट जास्त बंद पडते. ब्रेक दाबला की फुस्स आवाज आणि इंजिन अडखळतं, असं असेल तर बूस्टरची नळी किंवा पडदा फाटलाय. ते टाळू नका, त्यात ब्रेकचा प्रश्न आहे.

डिझेलचा स्वभाव

डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळं संशयितांची यादी लहान होते. मराठवाड्यात डिझेल गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ट्रॅक्टरसाठी शेतात ठेवलेला कॅन. झाकण नीट नाही, तळाशी पाणी आणि गाळ, आणि घाईत तेच डिझेल गाडीत. कॉमन रेल गाडीच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, दाब हजार बारच्या वर जातो; टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. इतक्या दाबानं पाणी आणि बारीक वाळू इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकातून गेली, तर दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा नळ असतो. तो काचेच्या बाटलीत थोडा सोडून बघा, पाणी खाली वेगळं दिसतं.

फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागली, तर कुठंतरी वायसर बसला नाही आणि सप्लायनं हवा धरली. हातपंप कडक होईपर्यंत दाबल्यावर चालू झाली आणि तासाभरात पुन्हा तेच, तर हवा शिरतेच आहे. सांधे तपासायला लावा. स्लोला बंद आणि काळा धूर, तर धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकलेला असू शकतो.

पाण्यातून जाताना बंद पडलेली गाडी, डिझेल असो की पेट्रोल, परत सेल्फ मारायची नाही. २०२५च्या सप्टेंबरात आपण किती पुलांवरून पाणी वाहताना पाहिलं. इंजिनात पाणी शिरलं असेल, तर ते दाबलं जात नाही आणि सेल्फच्या जोरानं पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ओढून न्या.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. तिथं स्कॅनर लावला की संगणकानं टिपून ठेवलेले कोड दिसतात. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, पी०३४० कॅम सेन्सर (झडपा उघडणाऱ्या दांड्याची जागा सांगणारा), पी००८७ रेलमध्ये दाब कमी, पी०१७१ हवेच्या मानानं पेट्रोल कमी, पी०५६२ व्होल्टेज कमी. यातला "सर्किटमध्ये" हा शब्द जपून वाचा. पी०३३५ आला म्हणजे सेन्सरच खराब असं नाही, उंदरानं कुरतडलेली वायरही तोच कोड देते. पी०१७१ तर कमजोर पंप, बुजलेला फिल्टर, फाटलेली हवेची नळी, मळलेला हवेचा सेन्सर, कशानंही येतो. कोड गल्ली दाखवतो. घर शोधायचं काम माणसाचं.

एक विनंती: स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी काढू नका. पुष्कळ गाड्यांत टिपलेले कोड त्यानं पुसले जातात, आणि हाच उपाय आपल्याकडं सगळ्यात आधी केला जातो.

व्होल्टेज साध्या मीटरवर घरीही मोजता येतं. बंद गाडीत बॅटरी साधारण १२.६, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. चालू असताना १२.५ च्या खाली घसरत चाललं, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, चार्ज देत नाही. गाडी बॅटरीवर जगतेय आणि आधी दिवे मंद होऊन मग बंद पडणार. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच कमी-जास्त होतो, तिथं एकदाच मोजून निर्णय घेऊ नये.

गाडीत एक वही ठेवा. बंद पडली की तारीख, किती किलोमीटर चालून, टाकीत किती पेट्रोल, एसी चालू होता का, चढ होता का, काटा कसा पडला, चेक लाइट आधी लागला की नंतर, आणि किती वेळानं चालू झाली, एवढं लिहा. तीन नोंदी झाल्या की सारखेपणा दिसायला लागतो. गॅरेजच्या जॉबकार्डवर "गाडी बंद पडते" एवढंच लिहू देऊ नका. माझ्या वहीतल्या नोंदींवरून मिस्तरींनी त्यांच्या कार्डावर जे लिहिलं, ते असं होतं: "४० किमीनंतर, दुपारी, तापल्यावर बंद. झटका नाही. काटा एकदम शून्य, मीटर चालू. सेल्फ घेते, धरत नाही. २५ मिनिटांनी आपोआप चालू. सकाळी कधीच नाही."